समोर डावखुरी आहे

आई: घट्ट आहे गं हे. कानशिलं दाबली जातायत.

लेक: मागचा पट्टा सैल करते. थांब, केस अडकलेत तुझे. हं. आता?

आई: आता बरंय. तान्ह्या पोरालासुद्धा कोणी एवढं मोठं टोपडं घालत नसेल.

लेक: हेडसेट म्हणतात त्याला. दिसतंय काय?

आई: काळोख.

लेक: जरा दम धर.

आई: उजाडलं. हॉल दिसतोय. लाकडी जमीन, मधे टेबल. नेट ताठ आहे. क्लबात तीस वर्षं मुलींना टेबल टेनिस शिकवलं मी, एक दिवस नेट असं ताठ पाहिलं नाही.

लेक: हातातला कंट्रोलर वर धर. तिथं बॅट दिसेल.

आई: दिसली. एक बाजू लाल, एक काळी. हे तुम्ही चौघांनी त्या खोलीत बसून केलंत?

लेक: हो. अकरा महिने लागले.

आई: सोफा कुठाय?

लेक: भिंतीला सरकवलाय. टीपॉय आत नेलाय, गालिचा गुंडाळलाय. तुझ्याभोवती चार पावलं मोकळी आहेत. कडेला गेलीस की डोळ्यांसमोर जाळी येईल, तिथं थांबायचं.

आई: आणि माझा गुडघा?

लेक: तुझ्या डॉक्टरांना विचारलंय मी. बदललेल्या गुडघ्यावर उभं राहून हात चालवायला हरकत नाही म्हणाले. उड्या नकोत.

आई: त्रेसष्टाव्या वर्षी उड्या मारणार आहे होय मी?

लेक: तुझा भरवसा नाही.

आई: आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना? मी खेळणार आणि जे वाटेल ते तोंडावर सांगणार. मग रुसायचं नाही.

लेक: रुसणार नाही. मला कौतुक नकोच आहे. माझी रजा आज संपतेय, आई. उद्या सकाळी ऑफिसात जाऊन एकतर सही करून हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा ठेवायचा. दोन रात्री तोच विचार चाललाय.

आई: तुझे बाबा म्हणतात, तिचं तिला ठरवू दे. मी म्हटलं, ठरवू दे की, पण मला विचारलंय तर मी बोलणार. कायमची नोकरी आहे. नऊ वर्षं तिथं नकाशे काढलेस. टेबल-खुर्ची, वेळच्या वेळी घरी. ते सोडून खेळण्यांच्या मागे लागायचं?

लेक: वाईट नव्हतंच ते काम.

आई: मग? तो त्रिमितीचा टीव्ही आठवतोय? जग बदलणार होतं त्यानं. चार चष्मे आले होते सोबत. तीन खणात पडलेत आणि चौथा मी कांदा चिरताना लावते.

लेक: तीच भीती मलाही आहे. म्हणून तर तुला उभं केलंय. बाहेरच्या वीस जणांनी खेळून बघितलं, सगळे छान छान म्हणाले. मला एकाचंही खरं वाटेना.

आई: छान म्हणून सुटका करून घेतात लोक. बरं, टाक चेंडू.

लेक: यंत्र टाकेल. सरावाचे पन्नास चेंडू आहेत. तू नुसते परतव.

आई: हं. ... आला. ... अरे वा, लागला की. ... अजून एक. ... हा बाहेर गेला, माझीच चूक. ... अजून.

लेक: कसं वाटतंय?

आई: बोलू नकोस.

लेक: आई, ते कपाट. डावीकडे जाऊ नकोस, जाळी आली ना?

आई: जाळीकडे कोण बघतंय? चेंडू बघू की जाळी? ... लागलं का कपाटाला?

लेक: दाराची मूठ हलली. हाताला लागलं का?

आई: हाताला काही झालेलं नाही. पण लिहून ठेव. चेंडूच्या मागे जाणाऱ्याला जाळी दिसत नाही. दुसरं काहीतरी कर. आवाज कर, हाताला चिमटा काढ, काहीही कर.

लेक: लिहिलं.

आई: आता आवाजाचंच सांगते. चेंडू तुझा गुणी आहे, पण मुका आहे.

लेक: म्हणजे?

आई: टेबलावर पडला तरी तोच आवाज, बॅटला लागला तरी तोच. खरा चेंडू टेबलावर टक् करतो आणि रबरावर टप्. आणि घासून मारला तर जवळजवळ बोलतच नाही. समोरच्यानं किती फिरकी दिलीय ते निम्मं आम्हाला कानांनी कळतं. इथं घासला काय नि ठोकला काय, सगळं एकाच माळेचे मणी.

लेक: हे वीस जणांत एकालाही सुचलं नाही.

आई: ते खेळणारे नसतील, खेळून बघणारे असतील. आणि चेंडू लागला की हातात थरथर येते ना, ती मला आवडली. खरंच लागल्यासारखं वाटतं. पण ती येते उशिरा. केसभर.

लेक: ती आम्ही मोजली होती. माणसाला कळण्याइतकी नाही म्हणून सोडून दिली.

आई: मोजणाऱ्याला नसेल कळली.

लेक: आणखी काय?

आई: आणखी काही नाही. अजून चेंडू टाक.

लेक: पन्नास संपले.

आई: मग परत पन्नास टाक. गुडघा बदलल्यापासून बॅट धरली नव्हती मी. पावणेदोन वर्षं झाली. पायऱ्या चढून क्लबात जायचं, तर पोरी धावत येऊन खुर्ची देतात. बाई, बसा. बाई, पाणी. त्या खुर्चीचा कंटाळा आला म्हणून जायचीच बंद झाले.

लेक: हे कधी बोलली नाहीस तू.

आई: यात बोलायचं काय? टाक.

लेक: नुसता सराव नको. आता समोर खेळाडू देते. यंत्रच आहे, पण माणसाच्या चालीनं खेळतं. तीन आहेत. सोपा देऊ आधी?

आई: तिघांत अवघड कोणता?

लेक: मधला बरा आहे तुला.

आई: मी काय विचारलं?

लेक: अवघडही आहे. पण त्याच्यावर अजून काम बाकी आहे.

आई: बाकी असलेलंच बघायला उभी आहे ना मी? दे तो.

लेक: आई, आज मधल्याशी खेळ. तो पुढच्या वेळी.

आई: का गं? हरेन म्हणून? अगं, हरायला घाबरले असते तर तीस वर्षं पोरींच्या बरोबर उभी राहिले असते का? दे म्हणते ना.

लेक: बरं. देते. तुझी इच्छा.

आई: आला. याला चेहरा नाही?

लेक: नुसती निळी सावली ठेवलीय. डोकं, खांदे, हात.

आई: डावखुरा आहे.

लेक: हो.

आई: टाक बाबा. ... छान टाकली. ... गेला माझा. शून्य-एक. ... परत तीच. शून्य-दोन. ... चेंडू दिसतच नाही याचा, अंगाआडून काढतोय. हा कुठून शिकला?

लेक: माणसांकडूनच. एखाद्या चांगल्या खेळाडूला हेडसेट घालायला देतो. हात, मान, कंबर, सगळ्यांची हालचाल साठवून ठेवतो. मग यंत्र त्यावरून—

आई: थांब जरा. ... परत टाकू दे त्याला. ... परत.

लेक: दमली असशील तर बंद करू.

आई: सर्व्हिस करायच्या आधी डावा खांदा कानाकडे उचलतो आणि सोडतो. दर वेळी. यंत्राचा खांदा कशाला आखडेल गं?

लेक: बंद करते मी.

आई: टोपडं काढ माझं.

लेक: आई, ऐक—

आई: काढ. मला तुझं तोंड बघायचंय. ... हं. वन्सं आहेत ना या?

लेक: हो. आत्या आहे.

आई: कधीपासून चाललंय हे?

लेक: उन्हाळ्यापासून. आम्हाला डावखुरा खेळाडू हवा होता. जोरात मारणारे हवे तेवढे मिळत होते, हातात नजाकत असलेला एकही मिळेना. मला लहानपणापासून एकच डावा हात माहीत होता. पाच रविवार गेले मी तिच्याकडे.

आई: पाच रविवार. मला सांगितलंस, मैत्रिणीकडे जाते.

लेक: तिनंच शपथ घातली होती मला. तुझ्या आईला सांगायचं नाही म्हणाली.

आई: बाबांना माहीत होतं?

लेक: तिच्याकडचा सोफा बाबांनीच सरकवला.

आई: म्हणजे घरात मी एकटीच परकी.

लेक: परकी नाही गं. या घरात आत्याचं नाव निघालं की तू उठून स्वयंपाकघरात जातेस. सहा वर्षं बघतेय मी. सांगणार कसं? आणि आज तुला मधला खेळाडू घे म्हणत होते की नाही?

आई: म्हणत होतीस.

लेक: मला वाटलं होतं, तुझ्या लक्षात येणार नाही. चेहरा नाही, आवाज नाही.

आई: अकरा वर्षं दुहेरी खेळलोय आम्ही एका टेबलाशी. नणंद-भावजय एका बाजूला, हे जगातलं आठवं आश्चर्य, असं लोक म्हणायचे. तिच्या पाठीवरून मला कळायचं चेंडू कुठं पडणार ते. चेहऱ्याची गरजच नव्हती कधी, ती माझ्या पुढे असायची.

लेक: झालं काय होतं नक्की? मला फक्त यादीचं माहीत आहे. तुझी यादी होती आणि आत्याचं नाव त्यात नव्हतं.

आई: माझी एकटीची नव्हती, समितीची होती. ज्येष्ठ महिलांचा संघ निवडायचा होता. त्या वर्षी वन्संचा खांदा गेला होता. कोणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. सुया टोचून घ्यायच्या आणि खेळायच्या. मी कपडे बदलायच्या खोलीत पाहिलं, केसांना चाप लावायला हात वर जाईना. उजव्या हातानं डावा हात उचलून धरला आणि चाप लावला.

लेक: आणि तू समितीला सांगितलंस.

आई: सांगितलं. डॉक्टरांचा कागद आणा म्हणाले ते. आणला असता तर खेळूच दिलं नसतं. नाव कापलं.

लेक: चुकलं कुठं मग? हात कायमचा गेला असता तिचा.

आई: सांगण्यात चुकले नाही. पण आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. त्यांना ते क्लबातल्या फळ्यावर कळलं. चार पोरी आजूबाजूला उभ्या असताना. मी त्या दिवशी क्लबात गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी बसले.

लेक: दुखत होतं?

आई: नाही.

लेक: हे तिला सांगितलंस कधी?

आई: कधी सांगणार? फोन केला, उचलला नाही. दुसऱ्यांदा केलाच नाही. मग महिना गेला, वर्ष गेलं. जितका उशीर होतो तितकं तोंड उघडायला जड जातं. घाल ते टोपडं परत.

लेक: कशाला?

आई: घाल. मला एक बघायचंय. ... हं. टाकू दे सर्व्हिस. ... आता मी उंच देते मुद्दाम. ... बघितलंस?

लेक: काय?

आई: सोडून दिला. उंच आलेला सोपा चेंडू वन्संनी आयुष्यात कधी सोडला नाही. परत देते. ... परत सोडला. तुमच्या यंत्रात ही खोट आहे की त्यांच्या हातात?

लेक: तिच्या हातात. खांद्याच्या वर जात नाही तो. यंत्र तिच्यासारखंच शिकलं. म्हणून म्हटलं, काम बाकी आहे. आमच्यातला एक जण म्हणाला, ती उणीव काढून टाकू. मी नको म्हटलं.

आई: का?

लेक: काढली असती तर ती आत्या राहिली नसती.

आई: ... म्हणजे अजून दुखतो खांदा.

लेक: पूर्वीसारखा नाही. कंट्रोलर हलका आहे आणि टेबल आम्ही तिच्यापुरतं चार बोटं खाली घेतलं. खरं टेबल असं खाली घेता येत नाही. बॅट माळ्यावर टाकली होती तिनं, आता रोज तासभर खेळते. लांबलांबची माणसं असतात समोर. एक नर्स आहे, तिची पाळी संपली की येते. एक सुतार आहे. दोघांचीही भाषा आत्याला येत नाही, नुसते आकडे बोलतात.

आई: आत्ता असतील का त्या?

लेक: रविवारी दुपारी असतेच.

आई: बोलाव.

लेक: नक्की? इथं? खेळात?

आई: फोनवर मला जमणार नाही. इथं हाताला काहीतरी काम असेल.

लेक: तिनं नाही म्हटलं तर?

आई: तर तुझं यंत्र आहेच. त्याच्याशी खेळेन.

लेक: निरोप पाठवलाय. ... वाचला तिनं. ... आई, येतेय ती.

(हेडसेटच्या बारीक स्पीकरमधून आवाज येतो, खोलीत दोघींनाही तो ऐकू जातो.)

आत्या: कोण आहे?

आई: मी.

आत्या: मी म्हणजे कोण? इथं सगळेच मी असतात.

आई: वन्सं, मी आहे.

आत्या: ... अच्छा. पोरीनं लिहिलं होतं, एक नवीन खेळाडू आहे, जरा सांभाळून घे.

लेक: आत्या, तसं लिहिलं नसतं तर तू आली असतीस?

आत्या: माहीत नाही बाई. आलेच आहे आता. कशी आहेस, वहिनी?

आई: बरी आहे. गुडघा बदलला.

आत्या: दादानं सांगितलं होतं. मी दवाखान्यात आले होते. तू झोपली होतीस.

आई: तुम्ही आला होता?

आत्या: औषधाच्या गुंगीत होतीस. परिचारिका म्हणाली, उठवू का? मी म्हटलं नको. झोपलेलीच बरी. जागी असतीस तर काय बोलले असते?

आई: मला कोणी सांगितलं नाही.

आत्या: मीच नको म्हटलं दादाला. बिचारा पोटात किती गोष्टी ठेवून फिरतो, त्याचं त्याला माहीत. खेळायचंय का नुसतंच उभं राहायचंय? माझा तास चालू आहे.

आई: खेळू. सर्व्हिस करा.

आत्या: हं. घे.

आई: ... गेला. वन्सं, तुमच्या सावलीनं पण मला याच सर्व्हिसवर गंडवलं मघाशी.

आत्या: माझी सावली भेटली वाटतं. म्हणजे ओळखलंस. मी पोरीला पैजेवर सांगत होते, तुझी आई ओळखणार.

लेक: म्हणजे मी हरले.

आत्या: सपशेल. घे, वहिनी. ... वा. अजून हात आहे की.

आई: एक-एक. ... हा घे. ... अगं, आडवी का आलीस, बॅकहँड मोकळा होता तुझा.

आत्या: काय म्हणालीस?

आई: काय झालं?

आत्या: काही नाही. घरात मला तुम्ही म्हणायचीस आणि टेबलाशी तू. आज सहा वर्षांनी कानावर आलं.

आई: टेबलाशी मान द्यायला वेळ कुठं असतो?

आत्या: तेच तर. टाक.

आई: टाकते. आधी एक ऐक. त्या यादीचं.

आत्या: वहिनी, जुनं झालं ते.

आई: जुनं झालं तरी शिळं झालेलं नाही, माझ्या घशात आहे. तुझा खांदा गेलाय हे मीच समितीला सांगितलं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. आजही सांगेन.

आत्या: मग मागतेस कशाबद्दल?

आई: तुझ्याशी आधी बोलले नाही त्याबद्दल. यादी फळ्यावर लागली त्या दिवशी घरी लपून बसले त्याबद्दल. डोकंबिकं काही दुखत नव्हतं माझं. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

आत्या: ... मला ठाऊक होतं.

आई: काय?

आत्या: डोकं दुखत नव्हतं ते. अकरा वर्षांत डोकं दुखतंय म्हणून एक सामना सोडला नाहीस तू. मी त्या फळ्यापाशी उभी होते आणि दाराकडे बघत होते. वाटलं, वहिनी येईल. येऊन ओरडेल, खांदा मोडून घ्यायचाय का तुला, म्हणून. मग मीही ओरडले असते. संध्याकाळपर्यंत संपलं असतं. पण तू आलीच नाहीस. राग नाव कापल्याचा नव्हता गं मला.

आई: फोन केला होता मी.

आत्या: एकदा. दुसऱ्यांदा वाजला असता तर उचलणार होते.

आई: ... करायला हवा होता.

आत्या: हो. आणि मीही करायला हवा होता, माझ्याकडेही फोन आहेच. आता रडू नकोस. त्या टोपड्यात पाणी जाईल. महागडं आहे म्हणे ते.

आई: तूही टोपडंच म्हणतेस?

आत्या: मग काय म्हणायचं त्याला?

लेक: आत टिपायला रुमाल देऊ का?

आई: नको. बघायचंय मला. चेंडू कुणाचा?

आत्या: तुझा.

आई: घे. ... हा जरा खाली देते, खांद्याला नको ताण.

आत्या: दया दाखवू नकोस, मेले. मी इथं येते तीच मुळी यासाठी. क्लबात गेले की सगळे हळू टाकतात. बिचारी, खांदा गेलाय. त्या सुताराला माझा खांदाही माहीत नाही आणि वयही माहीत नाही. परवा त्याला सरळ तीन डाव हरवलं. तो अजून एक, अजून एक, करत बसला होता.

आई: बरं. मग घे हा.

आत्या: ... आई गं. हा कुठून काढलास?

आई: पाच-चार. तुला चेंडूचा आवाज मुका वाटत नाही का?

आत्या: मुका आहे खरा. मी आपलं समजत होते, माझेच कान गेले. नर्सला फिरकी शिकवतेय मी, तिला कळतच नाही कुठला घासलाय ते. आवाज आला तर शिकवणं सोपं होईल.

आई: ऐकलंस का गं?

लेक: ऐकलं. तुम्ही बोलत होता तेव्हा दोन आवाज वेगळे करून बघत होते मी. अजून कच्चे आहेत. लावू?

आई: लाव.

लेक: लावलेत. खेळा.

आत्या: ... टक्.

आई: ... टप्. हं. घासून मार एक. ... बघ, आता बोलला नाही. आता ठोक. ... हा. बरोबर आहे हा. अर्ध्या तासात केलंस?

लेक: नुसते आवाज बदलले. हाताच्या थरथरीला वेळ लागेल. ती यंत्राच्या पोटात आहे.

आत्या: पोरीनं उद्याचं काय ठरवलंय? दादा म्हणत होता, रजा संपतेय.

लेक: ठरलेलं नाही, आत्या. आईला विचारलंय.

आत्या: मग सांग ना, वहिनी. चालेल का हे पुढे? की दोन वर्षांनी सगळं अडगळीत?

आई: तूच सांग गं आधी. खरं सांग. आम्हाला विकायला आल्यासारखं नको.

लेक: खरं म्हणजे छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. पुष्कळांनी घेतले, चार दिवस खेळले, कपाटात ठेवले. जड आहे, घाम येतो, काहींना गरगरतं. आमची कंपनी टिकेल का, तेही माहीत नाही. पण दर नव्या संचाचं वजन कमी होतंय. कधीतरी ते वाचायच्या चष्म्याएवढं होईल असं मला वाटतं. तेव्हा खेळायला काहीतरी नीट केलेलं हवं ना? दिसायला भारी नको, नीट केलेलं. आत्यानं पहिल्या रविवारी काय केलं माहीत आहे? खेळून झाल्यावर टेबलाला टेकायला गेली. पडली असती. बाबांनी धरलं.

आत्या: ते सांगायची गरज नव्हती.

लेक: मला तेव्हाच वाटलं, नकाशांत मन लागणार नाही आता.

आई: मी संघासाठी मुली निवडायचे तेव्हा आज किती जिंकते ते नाही बघायचे. पहिल्या दिवशी चूक दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, ती रुसून घरी बसलीय, की तीच चूक करतेय, की नवीन चूक करतेय. नवीन चूक करणारी घ्यायची. ती पुढे जाते.

लेक: म्हणजे?

आई: म्हणजे तुझा खेळ आज कच्चा आहे. कपाटावर आदळवतो, हाताला उशिरा कळवतो. पण मी चूक दाखवली आणि अर्ध्या तासात ऐकली त्यानं. कायमच्या नोकरीत कधी कोणी ऐकलं होतं का तुझं?

लेक: नाही.

आत्या: गं पोरी, यात दुहेरी आहे का?

लेक: दुहेरी नाही अजून. अवघड आहे ते. माणसं दोन खोल्यांत आणि टेबलाची बाजू एक. एकीनं मारून बाजूला व्हायचं, दुसरीनं आत यायचं. कोण कुणाच्या अंगात शिरतंय, ते दोघींना नीट दिसायला हवं. सहा-सात महिने लागतील, तेही रोज बसलो तर.

आई: मग उद्या हजर कशी होशील तू?

लेक: आई, हे तू माझ्यासाठी म्हणतेयस की आत्यासाठी?

आई: माझ्यासाठी. राजीनामा लिहायला घे, मी वाचून देते. तू नेहमी लांबड लावतेस.

लेक: खरंच लिहू?

आई: चार ओळी पुरे. आणि खोलीतला तो टीपॉय आतच राहू दे, इथं नको आता.

आत्या: आणि वहिनी, सहा-सात महिने आपण दोघींनी काय करायचं?

आई: तोवर समोरासमोर खेळू.